पितळेची कळशी, मातीची पोर

कोणत्याही कामाला हात घालण्याआधी मला यादी लागते. घरात याची थट्टा होते, होऊ दे. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात बालवाड्यांची देखरेख करायचे, तेव्हा याच सवयीवर माझं सगळं चालायचं. एका संस्थेने गिरण्यांच्या आसपासच्या चाळींतून बालवाड्या काढल्या होत्या. दुधाची भुकटी आली का, कुणाच्या डोक्यात उवा झाल्यात, कुठल्या शिक्षिकेला बाळंतपणाची रजा हवी, हे सगळं माझ्यापाशी ओळीने लावलेलं असायचं. मुलांचं रडणं तेवढं कुठल्या ओळीत बसत नसे.

त्या सुमाराला मला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे शिकवलेल्यातली एक गोष्ट मला फार पटली, कारण ती नेमकी होती. मुलाला नुसतं 'शहाणा', 'गुणाचा' म्हणून भागत नाही. त्याने काय केलं ते त्याला सांगायचं. 'चपला ओळीत ठेवल्यास.' 'ताटातलं सगळं संपवलंस.' 'तिची पाटी पडली, ती तू उचलून दिलीस.' शहाणा म्हटल्यावर मूल खूश होतं, पण आपण कशाने शहाणे ठरलो ते त्याला उमगत नाही. केलेलं काम नाव घेऊन सांगितलं, की ते पुन्हा करतं. मी परत आले आणि शनिवारी दुपारी मठाच्या ओसरीवर बायकांची सभा घ्यायला लागले. आमची एक बालवाडी त्या मठातच भरायची. आया यायच्या, आज्या यायच्या, धाकट्यांना कडेवर घेतलेल्या थोरल्या बहिणी यायच्या.

पहिल्या सभेत हसून हसून पुरेवाट झाली.

"चपला ठेवल्या तर ठेवल्या की बाई," विड्या वळणारी एक जण म्हणाली, "त्यात आरती ओवाळायची का?"

"आमाला तर कुणी कदी म्हनलं न्हाय," तिच्या शेजारची म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं भाकऱ्या थापतीया. चांगली झाली म्हनून एक शब्द न्हाय. मीठ कमी पडलं की मातर सगळ्या चाळीला ऐकू जातंय."

"मग आज मालकाला तूच म्हण की, 'आवो, तुमी आज पिऊन न आल्यासारकं नीट चालत आला, लई ब्येस केलं.'"

"म्हनंन की! येऊ तर दे तसा!"

हसल्या तरी बायका शब्दाच्या पक्क्या होत्या. घरी एक तरी असं वाक्य बोलायचं, एवढं मी सांगितलं होतं. सोमवारी बालवाडीत गेले तर ओसरीवर चमत्कारिक वास. पोरांच्या केसांना, झबल्यांना, सगळ्यांना मिरच्यांच्या धुराचा वास येत होता आणि दोनचार जण ठसकत होती. मी शिक्षिकेला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. बायकांनी सांगितल्याप्रमाणे पोरांचं कौतुक केलं होतं. मग तिन्हीसांजेला मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या होत्या. कौतुक ही बाईंची आज्ञा. पण कौतुकाने दृष्ट लागते, आणि आईची दृष्ट सगळ्यांत आधी लागते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दृष्टीचा हा मुद्दा पुण्याच्या प्रशिक्षणात नव्हता. मी जरा चिडलेच.

त्या सभेत एक आजी होती, जी काहीच बोलत नसे. अक्कलकोटकडची, घरात कानडी, बाहेर मराठी. मागाच्या कारखान्यासाठी घरबसल्या कांड्या भरायची. म्हणजे रहाटावर सूत गुंडाळून द्यायची. तिच्यापाशी तिची नात होती, पाच वर्षांची. पोरीची आई, म्हणजे हिची लेक, पोर रांगत होती तेव्हाच वारली. बापाचं मंगळवेढ्याला शेत आणि छोटं दुकान. तो पोरीला इथे ठेवून गेला होता. पोरगी आजीला अव्वा म्हणायची. कानडी घरात अव्वा म्हणजे आई.

ही नात म्हणजे आमच्या बालवाडीतलं सगळ्यांत मोठं रडणं. सकाळी अव्वाचा पदर सुटला की जी सुरू व्हायची, ती दुधाच्या वाटपापर्यंत. आणि आजी तिला सोडताना जे बोलायची ते ऐकून मला अंगावर काटा यायचा. "काळतोंडे, भवाने, गप बस. मेली तोंड बघा कसं करतीया." पोरीचं तोंड काळं नव्हतं. चांगली तजेलदार, गोरीगोमटी पोर होती.

एका शनिवारी सभा संपल्यावर मी आजीला थांबवून घेतलं. म्हटलं, "आजी, तुम्ही या पोरीला एकदा तरी चांगलं म्हणा."

"न्हाय म्हनायची," ती म्हणाली.

"का?"

"तिच्या आईला समदी चांगली म्हनायची. मी बी म्हनायची. गोरी हाय, देखणी हाय, हुशार हाय. गेली की."

ती पुढे बोलत राहिली. जावयाने दुसरं लग्न केलं होतं. जूनमध्ये तो पोरीला न्यायला येणार होता. तिकडच्या शाळेत घालणार होता. तेव्हा मार्च नुकताच लागला होता.

"नवी बाई कशी हाय मला म्हाईत न्हाय," आजी म्हणाली. "वाईट असंल असं मी म्हनत न्हाय. पर ही पोर अशी रडकी, हट्टी. परक्याच्या घरात कोन ऐकून घेईल तिचं? तिथं नीट वागली तर तिला दोन घास नीट मिळतील. तेवढं हिला शिकवा बाई. आन मला बी शिकवा. दृष्ट न लागता शिकवा."

कुणी मला इतक्या स्पष्ट शब्दांत काम दिलं नव्हतं. जूनपर्यंत पोरीला नीट वागायला लावायचं. दृष्ट न लागता.

मी घरी येऊन विचार केला आणि काही सुचलं नाही. सुचलं ते आजीलाच.

एप्रिलमध्ये, उन्हं तापायला लागल्यावर, मी त्यांच्या चाळीत घरभेटीला गेले. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, तरी पाण्याची सवय दुष्काळातलीच राहिली होती; नळाला पाणी आलं की धावायचं आणि थेंब सांडायचा नाही. आजी दारातच रहाट घेऊन बसली होती. पोरगी नळावरून लहानशी पितळेची कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली आणि हळूच उंबऱ्याच्या आत ठेवली. आजीने रहाट थांबवला. पोरीकडे बघितलंच नाही. कळशीकडे वाकून म्हणाली, "व्हय गं कळशे, आज गळ्यापातुर भरून आलीस की. वाटंत कुटं बी सांडली न्हायस. छलो. भाळ छलो."

छलो म्हणजे कानडीत छान, भाळ म्हणजे फार. पोरगी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचा चेहरा असा काही उजळला, की मला प्रशिक्षणात दाखवलेली चित्रंही तशी नव्हती. ती रिकामं भांडं घेऊन लगेच पुन्हा नळाकडे पळाली.

"आजी, हे कळशीला का सांगितलंत?" मी विचारलं.

"पोरीला चांगलं म्हनलं की पोरीला दृष्ट लागती. कळशीला लागली तर लागू दे की. ती पितळंची हाय. पोर मातीची हाय."

मी उंबऱ्यावरच बसले. पुण्याच्या प्रशिक्षणातल्या बाईंनी आम्हाला काय शिकवलं होतं? मुलाला चांगलं म्हणू नका, मुलाने केलेल्या कामाला म्हणा. आजीने तेच धरलं होतं, आणि त्यातून दृष्टीची अडचणही सोडवली होती. पुढच्या शनिवारी मी हे सभेत सांगितलं आणि बायकांनी ते झटकन उचललं. चाळीत चपलांची, केरसुण्यांची, रिकाम्या ताटांची स्तुती सुरू झाली. "ताटा, आज तुज्यात भाताचं शीत बी न्हाय रं!" मिरच्यांचा धूर थांबला. मी खुशीत होते. तेव्हाची माझी खुशी आठवली की आज हळहळ वाटते. पुढे जे झालं, ते याच खुशीतून सुरू झालं.

आजी शहाणी होती आणि तिच्याकडे वेळ थोडा होता. तिने एकेक गोष्ट घेतली. पाणी सांडायचं नाही, हे झालं. पानात टाकायचं नाही, हेही झालं. राहिलं होतं रडणं. न रडण्याला कळशी नव्हती, केरसुणी नव्हती. कशाशी बोलायचं? एका सकाळी मी मठात होते तेव्हा तिने पोरीला ओसरीवर सोडलं, खाली बसून तिच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि डोळ्यांशी बोलली.

"काय रं डोळ्यानू, आज गळला न्हाय. काल नळावानी गळत व्हता. आज न सांडल्याल्या कळशीगत कोरडं ऱ्हायला की. छलो."

पोरगी हुंदका देणारच होती. तो तिने गिळला. तोंड उघडं, डोळे ताणलेले, पापणीसुद्धा हलू देईना.

दुसऱ्या दिवशी ती येताना आपण होऊन डोळ्यांकडे बोट दाखवत आली. शिक्षिकेला काय तो आनंद! सगळ्यांत मोठं रडणं थांबलं होतं. तिने बाकीच्या पोरांनाही तेच सुरू केलं. 'बघू कुणाचे डोळे गळले नाहीत?' पोरं ओळीने डोळे ताणून उभी राहायची. ओसरीवर सकाळी ऐकू यायची ती फक्त मठाची घंटा. मी वरिष्ठांना हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. इतर बालवाड्यांतही नेलं. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या कुणालाही न रडण्याची पद्धत विकत दिली तरी खपेल. आमची तर फुकट होती.

एकदाच मला थोडं खटकलं. मठाच्या पायरीवर ही पोरगी घसरून पडली आणि ओठ फुटला. फ्रॉकवर रक्ताचे थेंब पडले होते. ती उठली आणि सरळ शिक्षिकेपाशी जाऊन डोळ्यांकडे बोट दाखवलं. शिक्षिका म्हणाली, "अरे वा! इतकं लागलं तरी डोळे गळले नाहीत!" दुपारी आजी न्यायला आली, तिने ओठ बघितला. हळदीचं बोट लावून पोरीला घेऊन गेली. शनिवारी मला विचारलं, "बाई, लागल्यावर बी रडायचं न्हाय, हे बरं का?"

मी म्हटलं, "आजी, तिथे गेल्यावर उपयोगच होईल."

तिने मान हलवली. दोघींनाही तेव्हा ते खरंच वाटत होतं.

जूनमध्ये जावई आला. मी त्याला पहिल्यांदा एसटी स्टँडवर पाहिलं. सरळ माणूस दिसत होता. पोरीसाठी नवा फ्रॉक आणला होता, सासूच्या पाया पडला, मलाही नमस्कार केला. मंगळवेढ्याची गाडी लागली होती. आजीने पोरीच्या हातात ती पितळेची कळशी दिली. तोंडाला फडकं बांधून आत शेंगा भरल्या होत्या. जावयाने पोरीला खिडकीपाशी बसवलं आणि ट्रंक टपावर चढवायला गेला.

पोरीने गजांतून तोंड बाहेर काढलं.

"अव्वा."

"काय गं?"

"बघ की." तिने डोळे मोठ्ठे केले. "गळलं न्हायत."

आजीने खिडकीच्या गजांवर हात ठेवला.

"अव्वा, सांग की. गळलं न्हायत."

आजीच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. पोरीला त्याची गंमत वाटली असावी. "तुजं गळत्यात की गं!" ती म्हणाली. खिडकीतल्या एकदोघांना हसू आलं. कंडक्टरने घंटी वाजवली. पोरगी अजून डोळे ताणून वाट बघत होती, कळशी आणल्यावर बघायची तशी.

"छलो," आजी म्हणाली. "भाळ छलो."

मग पोरगी नीट मागे टेकून बसली. गाडी वळून गेली तरी तिने मान वळवली नाही.

स्टँडवरून आम्ही दोघी चालत आलो. चाळीपाशी आल्यावर आजी म्हणाली, "बाई, आज रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आन तिच्या बापाला बी कळलं असतं, की पोर कुटनं तरी तोडून आणलीया."

त्यावर मी काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते आठवत नाही, म्हणजे त्यात काही नसणारच.

नागपंचमीला आजी मंगळवेढ्याला जाऊन आली. आल्यावर आपण होऊन मठात आली, तेव्हा मुलं घरी गेली होती आणि मी दुधाचे पेले मोजून ठेवत होते. ती खांबाला टेकून बसली.

"पोर ठीक हाय का?" मी घाईने विचारलं. तिच्याशी बोलताना माझ्याही तोंडात 'हाय' यायचं.

"हाय की. नवी बाई चांगली हाय. खोटं कशाला बोलू? न्हाऊमाखू घालती, वेणी घालती. मला म्हनली, 'आत्याबाई, कसली गुनाची पोर वाढवली तुमी. हूं न्हाय की चूं न्हाय. घरात पोर हाय असं वाटतच न्हाय.'"

तिने स्वतःच्या टाचेवर हात ठेवला.

"पर पोर टाच टेकवंना. मी म्हनलं, दाव. दावंना. धरून बघितलं तर बाभळीचा काटा. मोडलेला. सगळी टाच सुजून पिकलीया. कवा मोडला ते कुणालाच म्हाईत न्हाय. ती बाई बिचारी रडाय लागली. म्हनली, मला कसं कळनार? ही रडतच न्हाय."

"मग?"

"मग काय. सुई तापवून काढला. केवढा पू. मी तिला म्हनलं, रड गं बाळा. आता रड. गळू दे डोळं, काय हुईत न्हाय." आजीने पदराने तोंड पुसलं. "तर ती हसली. तिला वाटलं, अव्वा थट्टा करतीया. बघतीया, रडती का न्हाय ते. आन डोळं हे एवढं मोठं करून बसली. सुई आत जातीया आन ती माज्या तोंडाकडं बघतीया. मी कवा छलो म्हनती त्याची वाट बघतीया."

मग मी माझ्या सवयीप्रमाणे कामाला लागले. काय करता येईल, याचा विचार माझ्या डोक्यात ओळीने सुरू झाला. म्हटलं, "आजी, वाक्य बदलू या. दुखतंय असं तिने सांगितलं, की म्हणायचं, 'सांगितलंस ते छान केलंस.' नव्या आईलाही शिकवून ठेवायचं. बापालाही. प्रत्येक वेळी म्हणायचं. हळूहळू ती सांगायला लागेल."

हे वाक्य मी पुढे सगळ्या बालवाड्यांत शिकवलं. डोळे ताणून उभं राहणं मी त्याच आठवड्यात बंद करायला लावलं, आणि सकाळचं रडणं पुन्हा सुरू झालं, ते दुधाच्या वाटपापर्यंत. शिक्षिका माझ्यावर नाराज झाल्या. ते रडणं मी ओसरीवर उभी राहून ऐकत असे.

पण त्या दिवशी आजीने माझं सगळं ऐकून घेतलं. वाक्य एकदा स्वतःशी म्हणूनही बघितलं, "सांगितलंस ते छलो केलंस." मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"ते खरं, बाई. पर तिनं सांगितल्यावर म्हनायचं ना हे?"

"हो."

"ती सांगतच न्हाय की."